बाबांचा भलता प्रश्न

म्युझियम म्हटलं की मला शाळेची सहल आठवते. दोन-दोनच्या रांगा, 'हात लावू नका'च्या पाट्या आणि नागपूरचा अजबबंगला वीस मिनिटांत खल्लास! १८६३ सालचं संग्रहालय, पण आमचं सगळं लक्ष गेटबाहेरच्या कुल्फीवाल्याकडे. पुढे नोकरी लागली आणि म्युझियम म्हणजे 'मुलं झाली की नेऊ' या यादीत गेलं.

बाबा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात होते. आज २९२० मेगावॅटचा हा प्रकल्प. तिथं कोळशाच्या बेल्टवर त्यांची तीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, आम्ही तुकूमला आलो आणि बाबांचं बोलणंच आटलं. मी स्मार्टफोन दिला, योगा क्लासची फी भरली. सगळं फुकट.

दिवाळीत घरी गेले तेव्हा सहज म्हटलं, "बाबा, वडधमला जायचं?" सिरोंचा तालुक्यात वनविभागाचं जीवाश्म उद्यान आहे, ज्युरासिक काळातल्या, दगड झालेल्या झाडांचं. पहाटे निघालो. आष्टी, आलापल्ली करत पोचेपर्यंत कंबरडं मोडलं.

मी फोटो काढून मोकळी. बाबा मात्र एका खोडाजवळ उकिडवे बसले ते बसलेच. मग म्हणाले, "हे लाकूड कोळसा काहून नाही झालं गं?"

माझ्याकडे बी.ई.ची डिग्री, उत्तर शून्य!

रात्री दोघांनी मिळून शोधलं. दलदलीत, हवेविना, गाळाखाली दबत गेलेल्या झाडपाल्याचा कोळसा होतो. इथली खोडं गाळात गाडली गेली आणि पाण्यातली सिलिका त्यांच्या पेशीपेशीत भरली, म्हणून दगड. आणि चंद्रपूरचा कोळसा या खोडांहूनही जुना, पंचवीस कोटी वर्षांपलीकडचा.

बाबा बराच वेळ गप्प. मग हसले. "म्हणजे मी जन्मभर बेल्टवरून जंगलच वाहत होतो!"

मंडळी, शाळकरी मुलांकडे नसतं ते आपल्याकडे असतं, वर्षानुवर्षांच्या कामातून आलेले प्रश्न. त्यामुळे सगळी दालनं उरकू नका. एकाच वस्तूपाशी थांबा आणि सोबत आई-बाबांना न्या.

बाबांना आता पोचमपल्लीला सापडलेला 'बारापासॉरस' बघायचाय. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. रजेचा अर्ज मी टाकलाय. प्रश्नांची वही त्यांनी आणलीये.