ताप आधी मोजावा

आदिलाबादच्या उन्हाळ्यात एखादे यंत्र तापले, की आपण सगळा दोष उन्हाला देतो. आमच्या मावल्याच्या घरीही तसेच झाले. नववीत शिकणारी माझी मुलगी सूर्याबरोबर वळणाऱ्या सौरपट्टीची प्रतिकृती तयार करीत होती. पट्टी फिरविण्यासाठी स्टेपर मोटार आणि तिला वीज पुरविणारा ए४९८८ जातीचा छोटासा ड्रायव्हर तिने जोडला होता. मोटार थोडा वेळ चाले, बंद पडे आणि काही वेळाने आपोआप पुन्हा सुरू होई. ड्रायव्हरला तर बोट लावता येत नव्हते.

आजोबा म्हणाले, "अगं, एक पंखा लाव." ती म्हणाली, "लावते आजोबा, पण आधी करंट मोजते."

मला तिचे म्हणणे पटले. चिपच्या आतले तापमान साधारण १६५ अंश सेल्सिअसला पोहोचले, की हा ड्रायव्हर स्वतःला वाचविण्यासाठी बंद होतो आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतो. पण पट्टी तर दहा मिनिटांतून एकदाच हलत होती, मग एवढी उष्णता कशाची? गंमत अशी, की स्टेपर मोटार स्थिर उभी असली तरी जागा धरून ठेवण्यासाठी वीज घेतच राहते.

तिने मल्टिमीटरने ड्रायव्हरचा संदर्भ व्होल्टेज मोजला. तो १.२ व्होल्ट भरला. बोर्डावरचा रोध ०.१ ओहमचा, म्हणजे १.२ भागिले (८ गुणिले ०.१), करंट दीड अँपिअर! मोटारीची क्षमता मात्र एकच अँपिअर होती. तिने बोर्डावरचा बारीक स्क्रू हळूच फिरवून व्होल्टेज ०.६ वर आणला. करंट निम्मा झाला. रोधातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती चौथ्या हिश्श्यावर आली. एवढ्या करंटवरही पट्टी नीट वळू लागली. आजोबांचा पंखाही तिने लावला, पण तो शेवटी.

विद्यार्थी मित्रांनो, असे काम करताना एक पथ्य पाळा. वीज चालू असताना मोटारीच्या तारा कधीही काढू नका. ड्रायव्हर जळू शकतो.

घरात कोणाला ताप आला, की आपण आधी थर्मामीटर लावतो आणि मग औषध देतो. यंत्रालाही हाच न्याय लावावा. आणि पालकहो, मुले मोजमाप करीत बसली असतील, तर घाई करू नका. थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा.