डोळे कपाळात

मागच्या वर्षी दिवाळी आणि पीएल एकत्रच आले. सुट्टी संपली की पेपर, म्हणून आमच्या विंगमधले दहा-बारा जण घरी गेलेच नाहीत. अभ्यासासाठी थांबलेली मुलं जे करतात तेच आम्ही केलं. सायकल स्टँडच्या मागे विटा, गोणपाट आणि लाल माती जमवून किल्ला बांधला. बुरूज उभे राहिले, अळीव पेरून झालं, बाजारातून मावळेही आणले. पण येताना पिशवी गेटवर आपटली आणि अकरापैकी सहा मावळ्यांनी गडावर पोचायच्या आतच वीरमरण पत्करलं. धडं शाबूत, मुंडक्यांचा चुरा!

"डोकी मी करतो," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. चित्रकलेत माझी मजल शाळेत डोंगरामागच्या सूर्यापर्यंतच होती. पण बाथरूमचा गळका नळ बुजवून उरलेलं एम-सील माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि त्याचं काय करावं हा प्रश्न होताच.

एम-सीलच्या दोन रंगांच्या कांड्या सारख्या प्रमाणात घेऊन, रंग एकजीव होईपर्यंत मळायच्या. त्यानंतर हातात अर्धा-पाऊण तास असतो. मग ते आपलं ऐकेनासं होतं. (मळून झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. त्याच हातांनी चकली खाऊ नये. अनुभवाचे बोल!) मी एक गोळी वळली, काडीपेटीच्या काडीवर टोचली आणि कर्कटकाच्या टोकाने डोळे, नाक, तोंड कोरलं. अभिमानाने विंगमध्ये फिरवलं.

"हा मावळा आहे की बटाटा?"

"याचे डोळे कपाळात का गेलेत? अफजलखान दिसला का?"

हसून हसून सगळे लोळले. मीही हसलो. पण काहीतरी चुकलंय हे दिसत होतं आणि काय चुकलंय ते कळत नव्हतं. हे फार वाईट असतं.

चूक सापडली माझ्या रूम पार्टनरला. (नाव छापू नकोस असं त्याने बजावलंय, तेव्हा तो इथे पार्टनरच.) त्याने शांतपणे पट्टी आणली आणि माझ्या तोंडासमोर उभी धरली. डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत बावीस सेंटिमीटर. डोळे अकरावर. बरोब्बर मधोमध!

कुणाचा विश्वास बसेना. मग पट्टी सगळ्या विंगभर फिरली. गोल चेहरा, लांब चेहरा, टक्कल पडू लागलेले आमचे सीनियर, सगळ्यांचे डोळे जवळपास मध्यावरच. आपण चेहरा म्हणजे कपाळ, डोळे, नाक, तोंड एवढंच धरतो. केसांखालची कवटी हिशोबातच घेत नाही. म्हणून नवशिक्याचे डोळे हमखास वर चढतात. मी बघून केलंच नव्हतं. मला जे माहीत आहे असं वाटत होतं, ते केलं होतं.

दुसरी चूक तर इंजिनिअरला लाज आणणारी. मी फक्त फ्रंट व्ह्यू केला होता! पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीटवर रात्री जागवल्या, पण डोक्यालाही साइड व्ह्यू असतो हे सुचलं नाही. बाजूने पाहिलं तर डोकं जेवढं उंच, जवळजवळ तेवढंच खोल असतं. कान पुढे नसतो, मध्याच्या मागे असतो, आणि साधारण भुवई ते नाकाचं टोक एवढ्या उंचीत बसतो. वरून पाहिलं तर गोल नाही, अंडाकृती, मागे रुंद. हे जमल्यावर गोळी पहिल्यांदा 'डोकं' वाटायला लागली.

मग आकडेमोड. मावळा दहा सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण १:१७ स्केल. डोकं जेमतेम तेरा मिलिमीटर. माणसाचं बुबुळासकट डोळ्याचा गोळा चोवीस मिलिमीटरचा, तो इथे दीड मिलिमीटरही भरत नाही. हात अर्धा मिलिमीटर हलला तर खऱ्या चेहऱ्यावर साडेआठ मिलिमीटरची चूक! वर्कशॉपमध्ये जॉबचा टॉलरन्स पाळताना मी कधी एवढा श्वास रोखला नव्हता.

हळूहळू क्रम कळला. आधी कवटी, मग जबडा. मग काडीच्या मागच्या टोकाने डोळ्यांच्या खोबण्या दाबायच्या. नाक कोरायचं नाही, छोटी पाचर वरून चिकटवायची. मग थोडं घट्ट होऊ द्यायचं, घाई केली की आधीचं दबतं. पापण्या शेवटी, पाण्यात बुडवलेल्या सुईने. आणि मधूनमधून डोकं उलटं धरून आरशात बघायचं. सवयीने न दिसणारा तिरकेपणा आरशात लगेच दिसतो.

पाच डोकी झाली. तीही सगळी एकसारखी, जणू एकाच आईची मुलं. सहावं तरी खऱ्या माणसाचं करायचं ठरवलं. रात्री साडेअकराला पार्टनरला टेबल लॅम्पसमोर बसवलं.

"हलू नकोस. अर्धा तास."

"बस काय? मला दुसरं काम तरी काय आहे?" तो म्हणाला.

दोन वर्षं आम्ही एका खोलीत होतो. त्याचा टॉवेल, त्याचं घोरणं, त्याचं चहाचं उधार, सगळं मला पाठ होतं. पण त्या रात्री मी पहिल्यांदा त्याच्याकडे मोजून बघत होतो. गालाखालची खोबण मी पट्टीने मापली त्यापेक्षा जास्त खोल निघाली. डोळ्यांखाली काळं होतं. मी सुईने ते वळण काढायला गेलो आणि थांबलो. हे असं कधीपासून होतं? मला आठवेना. मग आठवलं की महिनाभर तो रात्री मेसला आमच्याबरोबर आलाच नव्हता. "भूक नाही" म्हणायचा आणि आम्ही "बरं" म्हणायचो.

"तू बारीक झालास रे," मी एम-सीलकडे बघतच म्हणालो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बोलायला लागला. कदाचित मी त्याच्या डोळ्यात बघत नव्हतो म्हणून. चार विषय राहिले होते. घरी सांगितलं होतं, ऑल क्लिअर. वडिलांनी गावात पेढे वाटले होते. आता फॉर्म भरायचा तर सगळं बाहेर येणार. रोज रात्री घरून फोन यायचा आणि तो रोज खोटं बोलायचा. "कधी कधी वाटतं, कुठंतरी निघून जावं. परत येऊच नये."

माझ्या हातातलं डोकं मी विसरूनच गेलो. ऐकता ऐकता अंगठा कधी दाबला गेला कळलं नाही. भानावर आलो तेव्हा अडीच वाजले होते आणि एम-सील दगड झालं होतं. डाव्या गालावर माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघारेघांसकट.

त्या रात्री मी त्याला एकटं सोडलं नाही. सकाळी आम्ही दोघं रेक्टर सरांकडे गेलो. सरांनी आधी चहा पाजला आणि मग स्वतः त्याच्या घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ओरडतील म्हणून आम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये उभे. ते एवढंच म्हणाले, "पेढ्यांचं काय घेऊन बसलास बाळा?" पार्टनरचं एक वर्ष गेलं. तो गेला नाही. आता चारपैकी तीन विषय सुटलेत आणि मेसमध्ये तो माझ्या ताटातलीही पोळी उचलतो.

जानेवारीत थळच्या खत कारखान्याची इंडस्ट्रियल व्हिजिट होती. आम्ही दोघं तिथून मुद्दाम सासवण्याला करमरकरांच्या शिल्पालयात गेलो. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा घडवणारे वि. पां. करमरकर हे याच गावचे. एवढ्या मोठ्या शिल्पकाराने साध्यासुध्या माणसांचे चेहरेही तितक्याच निगुतीने घडवलेत. मी एका चेहऱ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. याला हा माणूस किती वेळ बघत बसला असेल!

पाच डोकी गडावर लढली आणि अळिवाबरोबर मातीत गेली. सहावं माझ्या टेबलावर आहे. शिल्प म्हणून ते नापासच. पण माझ्या हातून झालेलं ते एकच डोकं कुणासारखं तरी दिसतं.

तेव्हा मित्रांनो, एम-सील घ्या अगर घेऊ नका. पण आज रात्री मेसमध्ये शेजारच्याच्या चेहऱ्याकडे दोन मिनिटं नीट बघा. आणि कोणी सलग चार दिवस "भूक नाही" म्हणाला, तर नुसतं "बरं" म्हणू नका.