फळ्यांचा ओटा

घराची शोभा पुढच्या दाराला आणि घराचा संसार मागच्या दाराला, असे माझी आज्जी म्हणत असे. बेळगावातल्या आमच्या घराचे पुढचे दार थेट रस्त्यावर उघडते. मागे मात्र विहीर, पेरूचे झाड, धुण्याचा दगड आणि थोडी मोकळी जागा आहे. आज्जीचा सारा दिवस तिथेच जाई. पण जून लागला की त्या मातीचा राडा होई आणि सप्टेंबरपर्यंत ती घरात कोंडल्यासारखी होई. फरशी घालून पाहिली, तर तिच्यावर शेवाळ धरले. म्हणून 2012 साली बाबांनी ठरवले, की मागे फळ्यांचा ओटा करायचा.

बाबा काही सुतार नव्हेत. पण हौसेला मोल नसते. चार रविवारांत त्यांनी ओटा उभा केला. आंब्याच्या फळ्या स्वस्तात मिळाल्या. खांब दीड फूट जमिनीत पुरून भोवती सिमेंट ओतले. फळ्या एकमेकींना अशा भिडवल्या की मधून पोस्टकार्डही जाऊ नये. वरून तांबड्या ऑइलपेंटचे तीन हात दिले. शेजारीपाजारी मुद्दाम पाहून गेले. आज्जी त्यावर बसून तांदूळ निवडी, उन्हाळ्यात सांडगे घाली. मी तेव्हा दुसरीत होतो. माझे पाढे त्या ओट्यावरच पाठ झाले.

2016 च्या ऑगस्टमधली गोष्ट. संध्याकाळी आज्जी तुळशीपुढे दिवा लावायला निघाली आणि तिचा पाय फळी मोडून आरपार खाली गेला. घोट्याचे हाड मोडले. मोडलेल्या फळीचा तुकडा मी नंतर हातात घेऊन पाहिला. वरचा तांबडा रंग जसाच्या तसा होता आणि त्याखाली लाकूड म्हणून जे होते ते चिमटीत चुरत होते. रात्री स्वयंपाकघरात बाबा आईला म्हणाले, "मी केलेल्या ओट्यानेच तिचा पाय मोडला." दुसऱ्या दिवशी त्यांनी ओटा उपसून विहिरीजवळ ढीग घातला. पुन्हा ओट्याचे नाव काढायचे नाही, असे सर्वांना बजावले.

आज्जीचे प्लॅस्टर निघाले, ती काठी टेकत चालू लागली, आणि तिने पहिले काम कोणते केले असेल तर बडिगेरमामांना बोलावणे धाडले. बडिगेर म्हणजे कन्नडमध्ये सुतार. मामा निम्मे कन्नड, निम्मे मराठी बोलत. आज्जीचेही तसेच, फक्त प्रमाण उलटे. मामांनी ढिगातली एकेक फळी पटाशीने टोचून पाहिली, खांबांची बुडे पाहिली आणि म्हणाले, "नीरिगे दारी बिडबेकु."

आज्जी फणकारली, "पाणी दारी आले हेच तर दुखणे, बडिगेर!"

मामा हसले. कन्नडमधले 'दारी' म्हणजे वाट. पाण्याला वाट सोडायला हवी, एवढेच त्यांना म्हणायचे होते. बाबांच्या ओट्यात पाणी शिरायला जागा होती, निघायला नव्हती. घट्ट भिडवलेल्या फळ्यांच्या सांध्यात ते अडकले. रंगाच्या चिरांतून आत गेले, पण त्याच रंगामुळे लाकूड पुन्हा सुकेना. खांब सिमेंटच्या पेल्यात उभे होते, म्हणजे चार महिने पाण्यातच. पुढे कॉलेजात आल्यावर मला कळले, की लाकडातला ओलावा शेकडा 20 च्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. मामांना तो आकडा ठाऊक नसावा. नियम ठाऊक होता.

आज्जीच्या माहेरचे, खानापूर तालुक्यातले जुने घर तेव्हा नुकतेच उतरवले होते. त्याच्या माळ्याच्या सागवानी फळ्या आणि मत्तीचे वासे तिने मागवून घेतले. मत्ती म्हणजे आपला ऐन. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारे द्रव्य असते. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात मात्र तो गुण नाही. म्हणून मामांनी फळ्यांच्या पांढऱ्या कडा आधी करवतीने काढून टाकल्या.

2017 च्या एप्रिलमध्ये काम सुरू झाले. मी त्यांचा मदतनीस होतो. खांब या वेळी पुरले नाहीत. जुन्या वाड्यांत लाकडी खांबाखाली जसा दगडी तळखडा असतो, तसे काळ्या दगडावर उभे केले. वाळवी चढलीच तर दगडावरून मातीची नळी काढत चढेल आणि ती डोळ्यांना दिसेल. पुरलेल्या खांबात ती कोणाला दिसणार? वासे सव्वा सव्वा फुटावर टाकले. दोन फळ्यांमध्ये दोन सुतांची फट ठेवली, आणि सगळ्या ओट्याला विहिरीच्या उलट दिशेने किंचित ढाळ दिला. लोखंडी खिळे गंजतात आणि सागावर काळे डाग पाडतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणले. आधी भोक पाडून मगच ते बसवले, नाहीतर फळीचे टोक फाटते. कापलेल्या टोकांना मामांनी दोनदा तेल पाजले. लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकानेच पिते.

तेलाचे दोन प्रकार होते. खांबांना आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलांचे तेल. कोकणात होड्यांनाही ते लावीत आले आहेत. ते वाळवीला जसे मानवत नाही तसे माणसाच्या कातडीलाही नाही. काजू भाजताना उडालेला थेंब ज्याच्या हातावर पडला आहे त्याला हे सांगायला नको. बसायच्या अंगाला म्हणून जवसाचे तेल. त्याचे बोळे ढीग करून ठेवू नका, असे मामांनी बजावले होते. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेटूही शकतात.

जाताना मामा बाबांना म्हणाले, "मी केले ते अर्धे. उरलेले दरवर्षी मे महिन्यात." ते उरलेले असे: फटींतली पेरूची पाने काढायची, फळ्या ब्रशने घासून दोन दिवस वाळू द्यायच्या, सगळीकडे टोचून पाहायचे, आणि मग तेल. एका रविवारचे काम.

2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पावसाने हाहाकार केला, तेव्हा आमच्या परसात घोटाभर पाणी होते. ओट्यावर आज्जी कोरडी बसली होती. बाबा मात्र त्यावर पाय ठेवताना आधी एक पाय दाबून बघत, मग दुसरा टाकीत. ती सवय त्यांना लागली ती लागलीच.

2022 च्या दिवाळीनंतर आज्जी गेली. पुढच्या मे महिन्यात ओट्याला तेल लागले नाही. कोणी विसरले नव्हते. पण त्या कामाचे नाव काढावे असे कोणालाच वाटले नाही. पानेही तशीच राहिली. गणपतीच्या सुमारास, आज्जी जिथे बसे त्याच कोपऱ्यातल्या फळीचे टोक मला काळसर दिसले. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो अर्धा इंच आत गेला. एकच मे महिना चुकला होता.

मामा तोवर थकले होते. त्यांनी घरात बसूनच मला सर्व सांगितले. कुजलेले टोक कापून पुढे चांगले लाकूड लागेपर्यंत मागे यायचे, आणि खाली वासा असेल तिथेच नवा तुकडा जोडायचा. माळ्याची एक फळी शिल्लक होती. जोड माझ्या हातचा आहे, म्हणून दिसतो. पण मजबूत आहे.

तेव्हापासून मे महिन्यातला तो रविवार माझा. यंदा परीक्षा संपली त्याच आठवड्यात काम उरकले. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी बाबांना मागच्या दारी बोलावले. पाणी फळ्यांवर क्षणभर टेकत होते आणि फटींतून खाली जात होते. बाबा थोडा वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग चपला काढून, पाय दाबून न पाहता, ते सरळ ओट्यावर गेले.