प्रमाणपत्रापूर्वीचे काम

सौ. वहिनी यांस,


आपल्या पत्रातील प्रश्न असा की दुसरीतल्या चिरंजीवास अजून वाचता येत नाही, वर्गशिक्षिकेला अध्ययन अक्षमतेची शंका आहे, आणि शाळा मात्र ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग पाहू’ असे म्हणते. अशा वेळी पालकांनी काय करावे? शाळेचा हा क्रम उलटा आहे आणि तो मान्य केल्यास मुलाचे एक संपूर्ण वर्ष वाया जाते, हे प्रथम स्पष्ट व्हावे.

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असताना, दृष्टी व श्रवण ठीक असताना आणि शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत टिकून राहणारी अडचण होय. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातल्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणनातल्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. आळस किंवा घरच्यांचे दुर्लक्ष ही तिची कारणे नव्हेत. देवनागरीत या अडचणीला स्वतःचे रूप येते: ‘दिवा’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते पण उच्चारात नंतर येते, आणि ‘सूर्य’ या शब्दातील रफार ‘य’च्या डोक्यावर असतो पण उच्चारला त्याच्या आधी जातो. बहुतेक मुले हे सरावाने उचलतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना मात्र प्रत्येक ध्वनी सुटा करून, ऐकवून, मोठ्याने म्हणवून, हाताने गिरवून घेत ठरावीक क्रमाने पुनःपुन्हा शिकवावे लागते. यालाच उपचारात्मक अध्यापन म्हणतात. नेहमीच्या शिकवणीत शाळेचाच धडा पुन्हा घेतला जातो आणि म्हणून ती येथे उपयोगी पडत नाही. हे अध्यापन करणारे विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतात. त्यांचा नोंदणी क्रमांक विचारण्यात पालकांनी संकोच करू नये.

प्रमाणपत्राचे कार्य निराळे आहे. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच मिळत असे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागत असे. बालरोगतज्ज्ञ दृष्टी व श्रवण तपासून घेतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात, आणि त्यानंतर बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेली चाचणीमालिका घेतली जाते; मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात अशी तपासणी होते. या कागदामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या वा तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो, पण केवळ त्याच्या आधारे कोणतेही मूल वाचू लागत नाही. सात वर्षांच्या मुलाला आज लेखनिकाची नव्हे, शिकवणाऱ्या माणसाची गरज आहे.

कायदाही हाच क्रम सांगतो. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि त्यांत तिचा समावेश केला. त्याच्या कलम 16 नुसार, शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय योजावेत, हे पाहणे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. ओळखण्याचे हे काम शाळेत व्हावयाचे असल्याने पालक कागद आणेपर्यंत शाळेने थांबणे कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरते. काही लाभांसाठी, उदाहरणार्थ कलम 31 मधील सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणासाठी, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. कलम 16 मध्ये अशी टक्केवारी नाही, आणि हा फरक अनेक मुख्याध्यापकांनाही माहीत नसतो.

म्हणून तोंडी विनंत्यांवर न थांबता मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात कलम 16 चा उल्लेख करून मुलाच्या अडचणी वहीतील नमुन्यांसह नोंदवाव्यात, विशेष शिक्षकाचे साहाय्य मागावे आणि पोच घेऊन प्रत जपून ठेवावी. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत असे साहाय्य समग्र शिक्षा योजनेतून मिळू शकते व त्याची चौकशी गटसाधन केंद्रात करता येते. उत्तर न आल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तरीही काही न झाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याची सोय आहे. मुलाच्या अडचणींची नोंद पुढे प्रमाणपत्रासाठीही कामी येत असल्याने ती आतापासूनच ठेवणे हिताचे आहे.

एक सावधगिरी मात्र पुढील इयत्तांसाठी ध्यानात असावी. गणिताऐवजी खालच्या पातळीचा विषय घेण्याची सवलत दहावीच्या भीतीने घाईत स्वीकारली जाते, परंतु तिच्यामुळे पुढे विज्ञान किंवा अभियांत्रिकीकडे जाणारी वाट बंद होऊ शकते. जे मूल वाचनात अडते पण हिशेबात चपळ असते, त्याच्यासाठी ती कदापि घेऊ नये.