काचेवरचा डिंक

वडिलांची एकच निगेटिव्ह घरात उरली आहे; तिची छबी काचेवर उतरावी, ही आमची जुनी मनीषा. डिंकाच्या पाण्यात जलरंग व पोटॅशियम डायक्रोमेट कालवून लेप द्यावयाचा. तो वाळल्यावर निगेटिव्हमधून जेथे ऊन लागते तेथे घट्ट होतो. उरलेला पाण्यात धुऊन जातो. कागदाचे तंतू हा लेप धरून ठेवतात. काच मात्र मोठी अलिप्त! धुताना प्रथम कपाळ सुटले, मग गाल, आणि पाहता पाहता सारा चेहरा तबकात तरंगू लागला. पुढल्या खेपेस क्रोम तुरटी मिसळलेल्या जिलेटिनचा पातळ थर काचेवर आधी वाळवला, तेव्हा डिंकाला आधार मिळाला. (डायक्रोमेट विषारी, हातमोज्यांवाचून शिवू नये, मुलांना तर जवळही येऊ देऊ नये.) मिशा आल्या, चष्मा आला. डावा कान अजून सुटतो.