उलाळ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याचं. दिवाळीत आम्ही सगळे बीडला जमलो होतो. मोबाइलवर गाड्या पळवता पळवता त्याने विचारलं, "मामा, इंजिन मधे असलेली स्पोर्ट्स कार भारी का मागे असलेली?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वीस वर्षं थांबलो होतो! लगेच सुरू झालो. पोर्शे 911 घे. 1963 पासून तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. त्याच कंपनीची 2005 ची केमन बघ. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी, पण मागच्या चाकांच्या पुढे. वजन मधोमध असलं की गाडी चटकन वळते. गिरकी घेताना आपण हात छातीशी घेतले की कसे भर्रकन फिरतो, तसं. वजन मागे असेल तर वळणातून बाहेर पडताना चाकं रस्ता घट्ट धरतात, पण वळणाच्या मधेच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे सरकतो, मागची पकड ढिली पडते आणि शेपूट बाहेर.

अण्णा पेपर धरून बसले होते. (वाचत नव्हते, धरून बसले होते. त्याबद्दल पुढे येतंच.) म्हणाले, "म्हणजे उलाळ. एवढंच ना?"

ज्यांनी बैलगाडी फक्त सिनेमात पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला ओढ बसते, आणि चढावर गाडी मागे कलंडते की काय असं होतं. ती उलाळ. माल पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून आखावर तोलून भरायचं. दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यातून जी हजारो कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, त्यांतल्या गाडीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. मोळी कुठे टाकायची ते हातालाच कळतं. मी मात्र हे इंग्रजी मासिकांतून शिकलो :)

असो. आमच्या घरात ही तुलना बरीच वर्षं समोरच उभी होती. थोरल्या काकांकडे ओम्नी, आमच्याकडे नॅनो. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना. म्हणजे म्हटलं तर मधे इंजिन! (मे महिन्यात बूड भाजायचं हा त्याचा पुरावा.) नॅनोचं 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन पार मागे. मागून फटफट आवाज, थेट रिक्षासारखा. त्यात नवल नाही म्हणा, बजाजनेही 1977 साली रिक्षाचं इंजिन मागे नेलं होतं.

नॅनोची एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. तिचे पुढचे टायर 135 मिलिमीटर रुंद आणि मागचे 155. लाखाची गाडी म्हणून गाजलेल्या गाडीत, जिथे पैसा पैसा वाचवला, तिथे दोन मापांचे टायर! कारण तेच. मागचा भार मागच्या टायरांनी पेलायचा. 911 लाही मागे रुंदच टायर असतात.

अण्णांनी ती 2010 साली निवृत्तीच्या पैशातून घेतली. नेकनूरच्या शाळेत मास्तर होते, शेतही तिकडेच, त्यामुळे बीड ते नेकनूर मांजरसुंब्याचा घाट चढून-उतरून रोजचाच. एकटे असले की गाडी पुढून हलकी वाटते म्हणून शेजारच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत दहा किलो ज्वारीची पिशवी ठेवायचे. आम्ही हसायचो. पुढे कधीतरी वाचलं की पोर्शेनेही सुरुवातीच्या 911 मध्ये पुढच्या बंपरच्या आत वजनं बसवली होती, आणि 1969 च्या मॉडेलला मागची चाकं 57 मिलिमीटर मागे सरकवली. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांना ज्वारी मिळाली नसंल."

कंपनीच्या कामाने जर्मनीला गेलो तेव्हा पगाराचा बराच भाग घालून एका दिवसात 911 आणि केमन दोन्ही चालवल्या. (आई, हे तुला इथेच कळतंय.) केमन पहिल्या वळणापासून आपली झाली. जिकडे बघावं तिकडे जाते. 911 मात्र सांगत होती, आधी मला समजून घे. ब्रेक लावून पुढे भार आण, वळव, मग पाय टेकव आणि ठेव. जमलं की असं वाटतं, हे आपण केलं. मला विचाराल तर मजा मागच्या इंजिनाचीच. केमन जास्त चांगली गाडी असेल, असेलच.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. माझ्या साखरपुड्याला पुण्यात सासरची मंडळी येणार होती. मी फोन करून म्हटलं, "अण्णा, नॅनो नका आणू, भाड्याची इनोव्हा करा." ते "बरं" म्हणाले. एवढंच. तेव्हा माझ्या भिंतीवर 911 चं पोस्टर होतं, मागच्या इंजिनाचं कौतुक करणारं मीच बोलायचो, आणि वडिलांची तशीच गाडी हॉलच्या दारात नको होती. नंतर पुण्याला कधीच ते ती घेऊन आले नाहीत. मीही कधी या म्हटलं नाही.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं कमी झालंय, गाडी बंद. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग पुन्हा करून आणलं होतं हौसेने. पाडव्याला म्हणाले, "एकदा घाट फिरवून आण."

मी ड्रायव्हरच्या सीटवर. ते शेजारी बसायला आले तर खाली ज्वारीची पिशवी.

"काढ ती. आता मी हाय की पुढं."

मी ती मागच्या सीटवर टाकली.

"मागं नको रे, उलाळ हुईल."

पिशवी ओट्यावर ठेवून निघालो. आता रस्ता चौपदरी झालाय, ट्रक आपल्या लेनने चढत असतात. मांजरसुंब्याला चहा घेतला आणि परत फिरलो. उतारावर एका वळणात समोर ट्रक हळू झाला आणि माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन वर आला. काही झालं नाही, वेगच नव्हता. पण मागचा भाग जरासा हलका झाला तो दोघांनाही कळला.

"पाय असा झटकन उचलू नये. आधीच कमी करून यावं."

त्यांना ट्रक नीट दिसला होता का, विचारलं नाही. बिंदुसरेचं धरण दिसू लागलं तसं ते म्हणाले, "पुण्याला कधी निघायचं?"

"उद्या."

"बसनं नको जाऊ. ही घेऊन जा. तिथं लावायला जागा हाय ना?"

"आहे," म्हटलं. "दारातच आहे."