आठ आठवड्यांचे संख्याशास्त्र आणि एका लेकीचे वजन

हे लिहिणाऱ्या आम्ही दोघी आहोत, मायलेकी. आमच्यातली थोरली नांदगावात अंगणवाडी सेविका आहे. धाकटी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धाकटीचे बाबा कांद्याच्या मार्केटात हमाली करतात. घरात दोन खोल्या, एक पंखा आणि नेट चालणारा मोबाईल एकच. हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी हकिगत या एका मोबाईलभोवती फिरते.

मागल्या सहामाहीत धाकटीला टायफॉईड झाला आणि एक पेपर हुकला. तो नेमका संख्याशास्त्राचा. वर्ष अडकले असते तर शिष्यवृत्तीचे काय, ही काळजी होतीच. पण त्याहून मोठी काळजी शेजारपाजारच्या तोंडची होती. "पोरीचे शिक्षण थांबले म्हणे!" हे वाक्य आमच्या वस्तीत फार लवकर पसरते, आणि मग स्थळे दारात येऊन उभी राहतात.

कॉलेजातल्या मॅडमनी मार्ग सांगितला. सरकारच्या 'स्वयम्' या मंचावर २०१७ सालापासून ऑनलाइन वर्ग चालतात. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी तेवढी भरावी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय कॉलेजला असे मान्य करता येतात. धाकटीने प्रास्ताविक संख्याशास्त्राला नाव नोंदवले. वर्ग आठ आठवड्यांचा होता. कॉलेजात जे सहामाहीभर शिकवतात ते दोन महिन्यांत उरकायचे! दर आठवड्याला एक चाचणी आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा.

दिवसा मोबाईल थोरलीकडे, कारण अंगणवाडीच्या मुलांची वजने, उंची, हजेरी सगळे पोषण ट्रॅकरमध्ये भरावे लागते. रात्री नऊनंतर तो धाकटीकडे. उन्हाळ्याचे दिवस होते. पत्रा रात्री अकरापर्यंत तापलेला. शिकवणारे सर इंग्रजीतून बोलत आणि भराभर बोलत. पहिल्या आठवड्यात धाकटीने एकेक व्हिडिओ तीनतीनदा ऐकला. दुसऱ्या आठवड्यात तेवढाही वेळ उरला नाही, कारण पहिल्याचे कळायच्या आत दुसऱ्याची चाचणी आली. भरधाव वर्गाची खरी अडचण हीच असते. विषय अवघड नसतो, पण कालचे पचायला रात्र मिळत नाही. तिसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला, वीज गेली, नेट गेले आणि चाचणी बुडाली. आठांपैकी उत्तम सहाच धरणार होते म्हणून निभावले. पण त्या रात्री धाकटी रडली.

"आई, मला नाही जमायचे. प्रमाण विचलन म्हणे! कशाला लागते हे?"

थोरलीने तिला समजावले नाही, कारण तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. ती एवढेच म्हणाली, "अगं पोरी, मला वाचून दाखव. मला समजले तर तुलाही समजेल."

तेव्हापासून आम्ही दोघी बसू लागलो. धाकटीने बालभारतीचे दहावीचे गणित भाग १ चे पुस्तक काढले. त्यात सांख्यिकीचे प्रकरण मराठीत आहे. मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द तिथे सापडले आणि इंग्रजी शब्दांना घरचे तोंड मिळाले. उदाहरणेही आम्ही घरचीच घेतली.

पाच घरे धरू. महिन्याची मिळकत ९ हजार, १० हजार, १० हजार, ११ हजार, आणि पाचवे घर व्यापाऱ्याचे, १ लाख ६० हजार. बेरीज दोन लाख. पाचाने भागले की सरासरी ४० हजार! म्हणजे कागदावर गल्ली सुखवस्तू झाली. पण मधले घर पाहिले, ज्याला मध्यक म्हणतात, तर ते १० हजाराचेच. धाकटीचे बाबा ओट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "मग आमचे तीस हजार कुठे गेले ते विचारा की त्या सरासरीला!" त्या दिवसापासून घरात कुणी 'सरासरी' म्हटले की आम्ही हसतो.

नमुना कसा घ्यायचा हेही चुलीपाशी कळले. शितावरून भाताची परीक्षा करतात. पण भात तळाला लागलेला असेल तर वरचे शीत ते सांगणार नाही. आधी ढवळावे लागते. गावाची पाहणी करणारा मेनरोडवरच्या दहा घरांना विचारून निघून गेला तर त्याने वरचे शीत पाहिले, तळ पाहिलाच नाही. नमुना पाहणीच्या या शास्त्रात ज्यांनी जगात नाव केले ते डॉ. पांडुरंग सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. नमुना पाहणीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली आला. हे वाचून आम्हाला बरे वाटले. हा विषय काही सातासमुद्रापलीकडचा नाही.

मग ते प्रमाण विचलन. एकाच वयाची तीन मुले घ्या, वजने ९, १०, ११ किलो. दुसरी तीन, ७, १०, १३. दोन्हीकडे सरासरी १०. मग फरक कशात? पहिली मुले सरासरीच्या जवळ आहेत, दुसरी पांगलेली आहेत. प्रत्येकाचे सरासरीपासूनचे अंतर काढायचे, त्याचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचे. पहिल्या गटाचे आले सुमारे ०.८, दुसऱ्याचे सुमारे २.४. हा आकडा म्हणजे पांगापांगीचे माप.

"आता पुढचे ऐक," धाकटी म्हणाली, "एखादे मूल सरासरीच्या खाली अशी किती मापे आहे, ते उणे एक, उणे दोन असे मोजतात."

थोरली गप्प झाली. उठली आणि पिशवीतून वाढीच्या तक्त्यांचे बाड घेऊन आली. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, नारिंगी पट्टा. वर्षानुवर्षे ती त्यावर टिंबे देत होती. हिरव्याची सीमा उणे दोनवर संपते, पिवळ्याची उणे तीनवर, त्याखाली नारिंगी. प्रशिक्षणात आकडे पाठ करून घेतले होते, दोन वर्षांच्या मुलीला ९ किलोची रेषा, मुलाला ९.७ ची. पण ती रेषा कुठून आली हे आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा उमगले. ज्याला घाबरून धाकटी रडली ते प्रमाण विचलन आमच्या घरात, पिशवीत, इतकी वर्षे पडून होते!

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती कबूल करण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

त्याच्या आदल्या महिन्यात आमच्या अंगणवाडीतल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे वजन ८.९ भरले होते. तिची आई काकुळतीला येऊन म्हणाली, "ताई, कमी लिहू नका. सासू म्हणते माझ्याच दुधात खोट आहे." काटा हलत होता. थोरलीने ९ लिहिले. शंभर ग्रॅमचा तो काय फरक! बाईचा मान राहिला, पोर हिरव्या पट्ट्याच्या काठावर राहिली आणि कुणाचे काही बिघडले नाही, असे आम्हाला वाटले.

आता समजले काय बिघडले ते. ९ लिहिल्याने ती पोर मोजणीतून निसटली. तिला कुणी तपासणीला नेणार नव्हते, तिच्या घरी कुणी जादा भेट देणार नव्हते. आणि पुढच्या महिन्यात वजन केले तर पुन्हा ८.९ च. तिचे वजन होते तिथेच होते, पण वय महिन्याने वाढले होते आणि तिच्या वयाची रेषा ९.२ वर गेली होती. लेकरू जागेवर उभे आणि रेषा पुढे चाललेली. एकेक आकडा पाहिला तर हे दिसत नाही, सांधून पाहिले तरच दिसते.

यावेळी थोरलीने ८.९ च लिहिले. आणि त्या घरी जाऊन सासूबाईंपुढेच तक्ता उघडला. ही रेषा कुणी घातली ते आम्ही सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुले मोजली. आपल्या देशातली मुले दक्षिण दिल्लीची होती. ज्यांना आईचे दूध, पुरेसे अन्न, स्वच्छ घर, वेळेवर औषध मिळाले अशीच मुले निवडली होती. आणि काय दिसले? गोरी, काळी, सावळी, सहाही देशांची मुले उंचीला जवळजवळ सारखीच वाढली. त्यावरून २००६ साली ही रेषा जाहीर झाली.

सासूबाईंना आम्ही म्हणालो, "आजी, यात सुनेच्या दुधाची खोट नाही आणि तुमच्या वंशाचीही नाही. पोटाला, पाण्याला आणि औषधाला कमी पडते, तिथे ही रेषा खाली येते."

आजी बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची माणसे पहिल्यापासून बारीकच, असे लोक म्हणायचे. आम्हीपण तेच म्हणत आलो."

वाचक बंधुभगिनींनो, या वाक्यावर आम्ही अजून विचार करतो. जन्मानेच कमी, ही समजूत आपल्यावर किती बाजूंनी लादली गेली आहे! आणि ती खोडायला शिव्याशाप लागत नाहीत, नीट मोजलेला आकडा लागतो. निरोगी वाढलेल्या हजार मुलांत उणे दोनच्या खाली सुमारे २३ मुले असतात. तेवढी निसर्गतःच असायची. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने कमी वजनाची मुले ३६.१ टक्के निघाली. म्हणजे हजारी ३६१. तेवीस कुठे आणि तीनशे एकसष्ट कुठे! मधली ही सगळी मुले जन्माने कमी नाहीत, त्यांना कमी मिळाले आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी करून दाखवले होते. १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारच्याच वर्गवारीतले आकडे पुढे ठेवले. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची मुले हजारी ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची १८. त्या मागास वर्गातच तेव्हा अस्पृश्य धरले जात. धाकटीने हे आकडे दाखवून विचारले, "आई, हजारीच का काढले असेल त्यांनी? नुसती मुलांची संख्या का नाही सांगितली?" उत्तर आम्ही दोघींनी मिळून शोधले. नुसत्या संख्येत लपायला जागा असते, हजारीत नसते. सगळ्यांना एका मापाने मोजले की कोण किती मागे ठेवला गेला ते उघडे पडते. आणि असा आकडा तेव्हाच उभा राहतो, जेव्हा कुठेतरी खाली एखाद्या मास्तराने, एखाद्या सेविकेने आपली नोंद खरी केलेली असते. लाज वाटते म्हणून, दया येते म्हणून आपण नोंद पुसली, तर वरच्यांना आपले दुःख दिसणार कुठून?

परीक्षेला आम्ही दोघी पहाटेच्या गाडीने नाशिकला गेलो. धाकटी आत, थोरली बाहेर झाडाखाली. निकाल आला तेव्हा धाकटीला ५८ टक्के होते. फार नाहीत. पण वर्ष वाचले, आणि वस्तीतले ते वाक्य कुणाला म्हणता आले नाही.

ज्या घरात मुलगा-मुलगी असा भरधाव ऑनलाइन वर्ग करणार असेल त्यांना आमच्या अनुभवाचे चार शब्द. नाव नोंदवण्याआधी आठवड्यांची संख्या पाहा आणि रोजचे दोन तास घरच्यांकडून मागून घ्या. त्या वेळी तिला पाणी भरायला, पोळ्या लाटायला उठवू नका. चाचणी शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, वीज आपली वाट पाहत नाही. इंग्रजी शब्द अडला तर मराठी शाळेचे पुस्तक उघडायला लाजू नका. उदाहरणे घरची घ्या. आणि शिकणाऱ्याला एकटे सोडू नका. आपल्याला समजत नसले तरी जवळ बसा. कधीकधी समजावून सांगता सांगताच शिकणाऱ्याला समजते.

ती छोटी मुलगी अजून पिवळ्या पट्ट्यातच आहे. आरोग्य केंद्रात तिला तपासून आणले, औषध झाले, आजी आता स्वतः तिला अंडे भरवतात. गेल्या खेपेला टिंब पहिल्यांदा वर सरकले. काटा तेव्हाही हलत होता. थोरलीने तो थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि होता तो आकडा लिहिला.

जयभीम.